काला गोलोरिट्झे : पाणी पैकीच्या पैकी, पण परतीचा चढ धरूनच बेत करा

भूमध्य समुद्राकाठी निळे पाणी आणि पांढरे कडे पुष्कळ ठिकाणी आहेत. जुलै-ऑगस्टमधली शांतता मात्र दुर्मीळ. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, बाउनेई गावाच्या हद्दीतली काला गोलोरिट्झे ही छोटी खाडी ती शांतता देते, कारण ती राखण्यासाठी तिथे कडक नियम आहेत. दिवसाला २५० माणसांनाच खाली सोडतात, गाडीरस्ता नाही, बोटींना किनाऱ्याला लागायला बंदी आहे आणि खाली एकही टपरी नाही. हे सगळे नियम अडचणीचे वाटतात, पण त्यांच्याशिवाय ही जागा वर्षभरात बिघडली असती. २०२५ मध्ये जगातल्या पन्नास उत्तम किनाऱ्यांच्या यादीत तिला पहिला क्रमांक मिळाला आणि तेव्हापासून मागणी आणखी वाढली आहे.

तिकीट माणशी सात युरोच्या आसपास पडते आणि ते आधीच ऑनलाइन काढावे लागते. 'हार्ट ऑफ सार्डिनिया' या ॲपवर तारीख निवडून पैसे भरता येतात. जुलै-ऑगस्टच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे व्हिसा आणि विमानाचे तिकीट हातात आले की पुढचे काम हेच करावे. पायवाटेच्या तोंडाशी जाऊन बघू, मिळेल एखादी जागा, या भरवशावर घाटरस्ता चढू नये. उतरण्याची आणि किनारा सोडण्याची वेळ ठरलेली असते. उशिरा आलेल्यांना खाली सोडत नाहीत, कारण संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळ्यांना वर आणायचे असते.

कालियारी किंवा ओल्बियाच्या विमानतळावरून भाड्याची गाडी घेणे हाच सोयीचा मार्ग. भारतीय लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. गाडी देणारेही तो मागतात आणि रस्त्यावर पोलीसही. बाउनेईतून गोल्गोच्या पठाराकडे अरुंद, तीव्र वळणांचा घाट चढतो. तिथून पाट्या बघत सू पोर्तेड्डू या ठिकाणी यायचे. इथे पार्किंग (पैसे वेगळे), उपाहारगृह आणि शेवटचे स्वच्छतागृह आहे. गुगल मॅप्सच्या भरवशावर मात्र इथे राहू नका. गुगलने दाखवलेल्या धनगरवाटांवर गाड्या अडकून त्यांना सोडवण्याच्या इतक्या वेळा आल्या, की २०१९ मध्ये गावाच्या प्रशासनाला तसा इशारा देणाऱ्या पाट्या लावाव्या लागल्या. वाट कच्ची आणि दगडाळ होऊ लागली आणि गोल्गोची पाटी दिसेना, तर तिथूनच माघारी वळायचे.

आता मुख्य गोष्ट, पायवाट. अंतर साधारण साडेतीन किलोमीटर. सुरुवातीला थोडा चढ आहे, मग खिंडीपासून जवळजवळ पावणेपाचशे मीटरची उतरण समुद्रापर्यंत. उतरायला तास-सव्वा तास आणि चढायला दीड तास धरावा. सवय नसेल तर दोन. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील आणि घोळ नेमका तिथेच होतो. गडावर आपण सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे सगळे उलट आहे. सकाळी वाट सोपी वाटते, मग चार तास ऊन आणि खारे पाणी अंगावर घेतल्यावर, दुपारी, चुनखडीच्या तापलेल्या घळीतून चढायचे. पाणी संपलेले असते, कारण त्यातले निम्मे खाली बसल्याबसल्या प्यायले जाते. माणशी तीन लिटर पाणी न्यावे आणि त्यातले एक लिटर परतीसाठी हात न लावता ठेवावे. खाली पिण्याचे पाणी कुठेही मिळत नाही.

पायात बंद बूट हवेत, चांगल्या खाचांच्या तळव्याचे. वाटेवर सुटे दगड आणि घसारा आहे, आणि जिथे हजारो पावलांनी चुनखडी गुळगुळीत झाली आहे तिथे कोरड्यातही पाय सरकतो. पाऊस पडून गेला असेल तर जास्तच जपायचे. चप्पल-सँडलने ही वाट करू नये. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्यावी. उतरताना तिचा उपयोग चढण्यापेक्षा जास्त होतो. वाटेवर जुन्या होल्म ओक या सदाहरित झाडांची सावली काही टप्प्यांवर मिळते, पुढे जुनिपरची वाकडी झाडे लागतात आणि त्याच लाकडाच्या बांधलेल्या धनगरी झोपड्या दिसतात. घळीत मोबाइलची रेंज बेभरवशाची असते. एकट्याने जाणाऱ्याने वर कुणाला तरी सांगून उतरावे. आपत्कालीन क्रमांक ११२.

शेवटच्या टप्प्यात डोक्यावर १४३ मीटरचा पुंता कारोद्दी सुळका येतो. गिर्यारोहकांमध्ये तो नावाजलेला आहे आणि हवा बरी असली की दोरावर कुणीतरी लटकलेले दिसते. मग दगडी पायऱ्या, आणि खाली किनारा.

किनारा लहान आहे, अपेक्षेपेक्षा बराच लहान. १९६२ साली कडा कोसळला आणि त्या दरडीच्या दगडांतून तो तयार झाला. वाळू जवळजवळ नाहीच. हरभऱ्यापासून सुपारीएवढे पांढरे गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी चालताना ते टोचतात आणि पाण्यात शिरताना पायाखालून सरकतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट पिशवीत हवेतच. पातळ टॉवेलऐवजी जाड चटई आणावी. कड्याच्या अगदी पायथ्याशी सावली मिळते म्हणून तिथे बसू नये. ज्या कड्यातून किनारा जन्मला त्यातून अजूनही बारीकसारीक दगड सुटतात.

पाण्याबद्दल मात्र काहीही कमी-जास्त बोलायची गरज नाही. तळ पांढरा असल्याने प्रकाश परत फेकला जातो आणि रंग काठाशी फिकट हिरवा, चार हातांवर गडद निळा दिसतो. गोट्यांमुळे गाळ उठत नाही, म्हणून गर्दीतही पाणी नितळ राहते. उजव्या अंगाला समुद्रात उतरलेली नैसर्गिक दगडी कमान आहे. पोहताना मध्येच एकदम गार पट्टा लागतो आणि डोळ्यांसमोरचे पाणी धूसर होऊन हलू लागते. पोहण्याचा चष्मा खराब झालेला नसतो. डोंगरात मुरलेले गोडे पाणी चुनखडीच्या भेगांतून समुद्रात येते आणि खाऱ्या पाण्यात मिसळताना असे दिसते. डायव्हिंगचा साधा चष्मा आणि नळी आणली तर ही गंमत नीट बघता येते. तळ लवकर खोल होतो, त्यामुळे पोहता न येणाऱ्याने आणि लहान मुलांनी काठ सोडू नये.

दिवस निवडताना वाऱ्याकडे बघा. वायव्येकडून येणाऱ्या मिस्त्रालला मागचे डोंगर अडवतात, त्यामुळे तो सुटलेला असताना बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाटा उसळत असल्या तरी इथे पाणी बहुधा शांत असते. पूर्वेचा लेवांते किंवा आग्नेयेचा शिरोक्को असेल तर लाटा थेट आत येतात, किनारा अर्धा उरतो आणि पोहणे धोक्याचे होते. अशा दिवशी तारीख बदलता आली तर जरूर बदलावी. कडे पश्चिमेला आहेत, म्हणून दुपार कलल्यावर ऊन लवकर जाते. सकाळी लवकर जाणाऱ्याला उतरताना गारवा, पाण्यावर पूर्ण ऊन आणि निवांत जागा, तिन्ही मिळतात. महिन्यांत मे अखेर ते जून आणि सप्टेंबर सर्वांत चांगले. सप्टेंबरमध्ये पाणी अधिक उबदार असते.

गोटा, शिंपला, वाळू, काहीही उचलून आणायचे नाही. २०१७ च्या प्रादेशिक कायद्याने त्याला ५०० ते ३००० युरो दंड आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. कचरा, फळांच्या सालींसकट, वर आणायचा.

खाण्याचे वरूनच न्यावे. पाने काराझाऊ ही कडक पातळ भाकरी पिशवीत टिकते आणि उन्हात बिघडत नाही. संध्याकाळी बाउनेईत कुलुर्जोनेस जरूर मागवा. बटाटा, पेकोरिनो चीज आणि पुदिन्याचे सारण भरून गव्हाच्या ओंबीसारखी वेणी घातलेला हा ओल्यास्त्रा भागाचा पदार्थ आहे. शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात : पिठात प्राणिज चरबी घातली आहे का, आणि सॉस मांसाचा आहे का. पेकोरिनो रेनेट (कोकराच्या जठरातले, दूध गोठवणारे द्रव्य) वापरून करतात, हेही ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात घ्यावे.

गुडघ्याचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी ही वाट धरू नये. सोबत अगदी लहान मुले असतील तरीही नको. अशांसाठी सांता मारिया नावार्रेझे किंवा आर्बाताक्स या बंदरांतून बोटी निघतात. गोलोरिट्झेला त्या लागत नाहीत, सुळका आणि कमान अंतरावरून दाखवतात आणि पुढे काला मारिओलूसारख्या किनाऱ्यावर उतरवतात. तिथे गर्दी जास्त आहे, पण पाणी तितकेच सुंदर आणि चढ अजिबात नाही.