लिनक्सची परीक्षा देणार असाल तर व्हाउचर आधी हातात घ्या

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका क्लासने माझ्याकडून आणि माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणांकडून एलपीआयसी-१ च्या नावावर पैसे घेतले. हे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं सर्टिफिकेट, एलपीआय (लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट) ही संस्था देते. खरी परीक्षा आमच्यापैकी एकालाही मिळाली नाही. तक्रार करायची असल्याने क्लासचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण बी.एस्सी., बी.सी.ए.चे निकाल लागले की सांगली-मिरजेत असे बोर्ड पुन्हा लागतात.

जाहिरात अशी होती: 'आंतरराष्ट्रीय लिनक्स सर्टिफिकेट, परीक्षा फीसकट २८,०००'. फीसकट म्हटल्यावर बाबा लगेच तयार झाले. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे नुकतेच हातात आले होते. पैसे क्लासच्या खात्यावर नाही, सरांच्या स्वतःच्या नंबरवर पाठवायला सांगितले. पावतीवर नुसतं 'संगणक प्रशिक्षण'. परीक्षेचं नाव नाही, व्हाउचरचा (परीक्षेची फी भरल्याच्या कोडचा) उल्लेख नाही. हीच पावती पुढे नडली.

शिकवणं सुरुवातीला चांगलं होतं, हेही सांगायला हवं. एक तरुण मुलगा शिकवायचा, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हात बसवून घ्यायचा. तो सोडून गेला आणि सरांनी पीडीएफ वाटली. "हे तोंडपाठ करा, हेच येतंय." मी व्हाउचरचं विचारलं की म्हणायचे, "अगं बाळा, ते आमच्याकडं बल्कमध्ये येतं. तू अभ्यास कर." पुढे डॉलर वाढला, मग सर्व्हर बंद पडला, मग सरांच्या घरात लग्न निघालं.

त्या पीडीएफवर परीक्षेचा कोड होता १०१-४००. एलपीआयसी-१ च्या परीक्षा २०१८ पासून १०१-५०० आणि १०२-५०० या कोडने होतात. म्हणजे कुणीतरी चोरून उतरवलेले जुने प्रश्न आम्हाला विकले होते, आणि तेही चुकीच्या उत्तरांसकट. फाइलला ६४० परवानगी दिली तर काय होईल, या प्रश्नाचं उत्तर छापलं होतं 'सगळ्यांना वाचता येईल'. तीन अंक अनुक्रमे मालक, ग्रुप आणि बाकीच्यांचे, शेवटचं शून्य कशाचं मग? मालकाला वाचता-लिहिता येतं, ग्रुपला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना काहीच नाही. हे सरांना दाखवलं तर म्हणाले, "परीक्षेत हेच बरोबर धरतात." शिवाय सगळे प्रश्न पर्यायांचे. खऱ्या परीक्षेत काही ठिकाणी कमांड स्वतः टाइप करावी लागते, तिथे पाठांतर काय करणार?

शेवटी एका रविवारी क्लासच्याच कॉम्प्युटरवर 'परीक्षा' झाली आणि आठवड्याभरात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट मिळालं. पुण्यात मुलाखतीला गेले तर समोरच्या मॅडमनी ते बाजूला ठेवलं आणि एलपीआय आयडी व पडताळणी कोड मागितला. माझ्याकडे दोन्ही नव्हते. मग त्यांनीच एकेक गोष्ट दाखवली. सर्टिफिकेटवर '८६ टक्के, श्रेणी अ' होतं. एलपीआयचे गुण २०० ते ८०० या पट्टीवर असतात आणि ५०० ला पास, टक्के नसतात, श्रेणी नसते. 'आजीवन वैध' होतं. एलपीआयसी-१ पाच वर्षं चालतं. आणि वर फक्त १०१ चा उल्लेख. १०१ आणि १०२ दोन्ही पास झाल्याशिवाय एलपीआयसी-१ मिळतच नाही.

खरा व्यवहार इतका साधा आहे की क्लासवाला मध्ये येण्याचं कारणच नाही. एलपीआयच्या साइटवर आपला आयडी आपण काढायचा, फुकट निघतो. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाकायचं. तारीख पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपणच घ्यायची. परीक्षा केंद्रावर जाऊन देता येते किंवा घरून कॅमेऱ्यासमोर. प्रत्येक पेपर ६० प्रश्न, ९० मिनिटं. क्लासने फी घेतली असेल तर त्या बदल्यात व्हाउचरचा कोड तुमच्या हातात यायला हवा, आणि तो बुकिंगच्या पानावर चालायला हवा. 'अकाउंट आम्हीच काढतो' म्हणणाऱ्याकडून पैसे परत मागा. अगदीच नवखे असाल तर त्यांचीच लिनक्स इसेन्शियल्स नावाची छोटी परीक्षा आहे, ४० प्रश्न, एक तास. ते सर्टिफिकेट मात्र खरंच संपत नाही. दोन्हींचे धडे एलपीआयने स्वतः मोफत ठेवलेत. मी आता त्यावरूनच करतेय, जुन्या लॅपटॉपवर डेबियन हे फुकट मिळणारं लिनक्स टाकून.

पैशांचं म्हणाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. ऑनलाइन पैसे उकळले गेले तर तो नंबर ताबडतोब लावायचा असतो, आमचे पैसे जाऊन महिने झाले होते. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही. पावती कमजोर असली तरी 'परीक्षा फीसकट' लिहिलेल्या बोर्डाचा फोटो एकाकडे आहे, आणि सरांचे 'व्हाउचर पुढच्या आठवड्यात' असे मेसेज माझ्याकडे आहेत. तुम्हीही याच क्लासला पैसे भरले असतील तर चॅट डिलीट करू नका, यूपीआयच्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि आमच्या आधीच्या बॅचची ती संपत आलीय.