ग्राफिक्स कार्ड: आत्ता घ्यावं की पुढच्या पिढीसाठी थांबावं?

आमच्या माळ्यावर कॉम्प्युटरला वीज पुरवणारा 650 वॉटचा एक पॉवर सप्लाय पडून आहे. 2021 पासून खोक्यात, सीलही फोडलेलं नाही. 'आत्ता घेऊ की थांबू' असं कुणी विचारलं की मला आधी तोच आठवतो.

त्याच्या आधी माझ्याकडे एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स 1650 कार्ड होतं, 4 जीबी मेमरीचं. त्यांची नवी पिढी, 3000 सिरीज, जाहीर झाली आणि मी तिच्यातल्या स्वस्तातल्या 3060 साठी थांबलो. आता गंमत अशी, की गाजावाजा होतो तो वरच्या, महागड्या कार्डांचा, आणि आधी येतात तीच. 3080 आलं सप्टेंबर 2020 मध्ये, 3060 फेब्रुवारी 2021 मध्ये. पुढच्या खेपेला 4090 नंतर 4060 यायला आठ महिने लागले. 5000 सिरीजला त्या मानाने बरं, जानेवारी ते मे. तेव्हा 'नवीन पिढी दोन महिन्यांवर आलीय' असं ऐकलंत, तर आपल्या बजेटसाठी त्यात आणखी सहा महिने धरून चाला.

बरं, आलं म्हणजे मिळालं असंही नाही. 3060 ची 329 डॉलर ही किंमत कागदावरच राहिली. मुंबईत कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर दोन दुकानांत नकार घेऊन तिसऱ्यात गेलो. काउंटरवरच्या माणसाने कार्डाचा बॉक्स ठेवला आणि शांतपणे त्याच्यावर पॉवर सप्लायचा बॉक्स ठेवला. "सुटं नाही देत साहेब, कॉम्बो आहे." म्हटलं, अहो, सप्लाय मी दिवाळीतच घेतलाय. "मग हा विकून टाका." जादा पैशांचं दुःख महिन्याभरात विरलं, पण ते "विकून टाका" अजून डोक्यातून जात नाही. सहा महिने थांबून मी काय कमावलं, तर नको असलेला सप्लाय!

थांबणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही. 2022 मध्ये जे थांबले ते जिंकले. इथेरियम हे आभासी चलन कमावायला (त्याला मायनिंग म्हणतात) लोक ढिगाने ग्राफिक्स कार्डं घेत होते, 15 सप्टेंबरला ते मायनिंग बंद पडलं आणि वापरलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. पण तेव्हा भाव कशामुळे चढलेत हे माहीत होतं आणि ते कारण संपणार हेही दिसत होतं. 2025 च्या अखेरीस भाव चढले ते मेमरीचे, आणि कार्डातही मेमरी लागतेच. एआयची डेटा सेंटरं ती उचलताहेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. हे कधी निवळेल त्याची तारीख नाही.

शिवाय नवीन म्हणजे सगळंच जास्त, असंही नसतं. 3060 ला 12 जीबी मेमरी होती, 4060 ला 8, आणि 5060 लाही 8च.

2025 च्या दिवाळीत 3060 भाच्याला दिलं आणि पुन्हा तोच प्रश्न आला. एनव्हिडियाची 'सुपर' कार्डं येणार अशी कुजबुज होती, एक मित्र त्या भरवशावर थांबला. मी एएमडी या दुसऱ्या कंपनीचं आरएक्स 9060 एक्सटी घेतलं, 16 जीबीचं. (याच नावाने 8 जीबीचंही मिळतं, बॉक्स नीट वाचून घ्या.) जूनमध्ये आलेलं कार्ड, नव्याची नवलाई ओसरलेली. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात, ते काही मी मोजत बसलो नाही. 1440पी रिझोल्यूशनवर टेक्श्चर (खेळातल्या पृष्ठभागांचे बारकावे) अल्ट्राला, म्हणजे सगळ्यात वर, टाकलं तरी सेटिंगमधली मेमरीची पट्टी लाल होत नाही, मला तेवढं पुरतं. रे ट्रेसिंगचं, म्हणजे खेळातल्या हुबेहूब प्रकाश-सावल्यांचं, वेड असेल तर तुमचं गणित कदाचित वेगळं निघेल.

व्हॅलोरंटसारखा हलका खेळच खेळत असाल आणि हातातलं कार्ड ठणठणीत असेल, तर खुशाल थांबा, बिघडत काही नाही. पण खेळ अडत असेल, तर बाजारात येऊन चार-पाच महिने झालेलं, 16 जीबीचं कार्ड बघा, असं मी आपलं सुचवेन.

या वेळी कार्ड सुटं मिळालं. बिल करता करता दुकानदाराने विचारलं, "सप्लाय बघायचाय का एखादा?" मी म्हटलं, "माझ्याकडे एक सीलबंद आहे, घेता का?" तो नुसता हसला.