एफएसपीचा ऑनलाइन क्लास: रुग्ण-संवादाला ५ पैकी ५, पत्रलेखनाला २

जर्मनीत डॉक्टरकीचं लायसन्स हवं तर सर्वसाधारण जर्मनच्या नुसत्या बी२ पातळीच्या सर्टिफिकेटवर भागत नाही. एफएसपी, म्हणजे सी१ पातळीच्या वैद्यकीय जर्मनची परीक्षा, पास व्हावी लागते. बहुतेक राज्यांत ती तिथलं डॉक्टरांचं चेंबर, म्हणजे त्यांची अधिकृत संस्था, घेतं. त्यासाठी मी हा क्लास लावला होता. तक्रारही आहे, म्हणून नाव घेत नाही.

परीक्षेत वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. आधी रुग्णाशी बोला, मग पत्र लिहा, मग तीच केस वरिष्ठ डॉक्टरांना सांगा. रुग्णाशी घरगुती जर्मन, वरिष्ठांशी लॅटिन वैद्यकीय शब्द.

पहिल्या भागाची तयारी अशी करून घेतली की पैसे तिथेच वसूल. शिकवणाऱ्या बाई स्वतः फिजिशियन. रुग्ण होऊन बसल्या की छातीतलं दुखणं सोडून कुत्र्याचं कौतुक सांगत सुटायच्या, मध्येच ‘कॅन्सर तर नाही ना?’ म्हणून रडवेल्या व्हायच्या, आणि घड्याळ चालूच. गोळ्यांचे डोस तर मुद्दाम भरभर. इथे आपल्याला एक फायदा आहे बरं का: जर्मन आकडे इंग्रजीतून नका शिकू, मराठीतून ऐका. पंचवीससारखेच, आधी पाच मग वीस. (एकोणतीस, एकोणचाळीस तेवढे सोडा.) औषधांचं १-०-१ सुद्धा ओळखीचंच.

पत्रलेखनाला मात्र काही अर्थ नव्हता. बॅच मोठी, तपासलेली पत्रं उशिरा यायची आणि आली की वर ‘छान’ एवढाच शेरा. रुग्णाचं म्हणणं पत्रात कोन्युंक्टिवमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगताना वापरायच्या क्रियापदाच्या रूपात, लिहायचं असतं, सगळ्यांची गाडी अडते ती तिथेच. त्यावर मेहनत घ्यायचं सोडून पाठ करायला साचे दिले. साध्या अपेंडिक्सला साचा चालतो. सात औषधं चालू असलेल्या आजींचं काय?

घरची माहिती विचारणंही ‘एकटे राहता का?’ यावरच आटपायचं. वॉर्डात वयस्कर रुग्णाला घरी सोडायची वेळ आली की पहिला प्रश्न फ्लेगेग्राडचा: रोजच्या देखभालीची गरज ठरवणारे १ ते ५ दर्जे, २०१७ पासूनचे. मग घराला जिने किती, आंघोळ कोण घालतं, उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवलंय का. आपल्याकडे यातलं बरंच बाहेर बसलेले नातेवाईक न विचारता सांगतात. इथे बाहेर बहुधा कुणी नसतं, सगळं तुम्हालाच फोन करून काढायचं, आणि फोनवर बोलायचा सराव या क्लासमध्ये एकदाही नाही.

बी२ कच्चं असेल तर इतक्यात लावू नका, बाईंच्या वेगापुढे टिकाव लागणार नाही. पक्कं असेल तर फक्त मॉक (सराव) परीक्षांचं पॅकेज घ्या, तेही वेगळं मिळतं. पूर्ण कोर्सच हवा असेल तर पैसे भरण्याआधी तपासलेलं एखादं पत्र दाखवायला सांगा.