मुंबई ते नागपूर: विमान, दुरांतो की समृद्धी?

नकाशावर सरळ रेघ मारली तर मुंबई-नागपूर अंतर भरतं सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने तेच ८३७ होतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. विमानाच्या तिकिटावर वेळ दिसते साधारण दीड तास. पण ठरवायचं असेल तर घराला कुलूप लावल्यापासून नागपुरात चपला काढेपर्यंतचा वेळ मोजा.

विमानाचा दीड तास म्हणजे गेटवरून हलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंत. सामान द्यायचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, म्हणून पावणेदोन तास आधी पोहोचलेलं बरं. डोंबिवलीकराने रस्त्यात दीड तास धरावा, उतरल्यावर बॅगेसाठी अर्धा तास. नागपूरची बाजू सोपी आहे: सोनेगावचा विमानतळ शहरातच, शहराच्या मध्यातली सीताबर्डी अर्ध्या तासात येते. सगळं मिळून झाले पावणेसहा तास. पार्ल्यात राहणाऱ्याला साडेचारात जमेल. आता नवी मुंबईचाही विमानतळ झालाय, तेव्हा तिकीट काढताना कुठला विमानतळ ते नीट वाचा.

दुरांतो रात्री सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी सव्वासातच्या आसपास नागपूरला लागते. अकरा तास ऐकायला फार वाटतात, पण त्यातले सात झोपेत जातात आणि दिवस पूर्ण हातात राहतो. सकाळी दहाला हायकोर्टात किंवा एखाद्या कार्यालयात हजर राहायचं असेल तर मी डोळे मिटून दुरांतोच सुचवेन. ती कल्याणला थांबत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. कल्याण-ठाणेकरांना विदर्भ एक्सप्रेस सोयीची, आणि अकोला, बडनेरा, वर्ध्याला उतरायचं असेल तर तीच.

समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि 'आठ तासांत नागपूर' सगळ्यांच्या तोंडी झालं. पण आमणे भिवंडीजवळ आहे, मुंबईत नाही. दादरहून तिथवर पोहोचायला तास-दीड तास सहज जातो. ताशी १२० ने न थांबता गेलात तरी ७०१ किलोमीटरला पावणेसहा तासांहून जास्त लागतात. जेवण, चहा, डिझेल धरून घर ते घर दहा तास माना. रस्ता सरळ आणि एकसुरी, चालवणाऱ्याला गुंगी येते. उन्हाळ्यात काँक्रीटवर टायर तापतात. निघण्याआधी हवा तपासाच, जुन्या टायरवर जाऊ नका आणि एकट्याने सगळं अंतर कापू नका. दुसरा चालक नसेल तर हा पर्याय सोडून द्या, इतकं मी ठामपणे सांगेन.

तरी समृद्धीला तोड नाही अशी एक जागा आहे. गाव मेहकर, कारंजा किंवा जालन्याकडे असेल, तर विमानाने नागपूर गाठून पुन्हा उलटं मागे येण्यात काही अर्थ नाही. चौघं जण, सोबत लग्नाचं सामान, अशा वेळी गाडीच परवडते.

घरात कुणी आजारी असल्याचा फोन आला तर विचार न करता मिळेल ते विमान धरा. दिवाळीला जायचं असेल तर मात्र रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठला बसून तिकीट काढा, कारण तोवर विमानाचे दर चढलेले असतात.