चर्चमध्ये टॅबलेटवरून शास्त्रवाचन: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डाव्याचं डॉक्टरांनी पुढे ढकललं. म्हणजे दोन डोळे, दोन नंबर. आमच्या पुण्यातल्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) शास्त्रवाचनाच्या, म्हणजे उपासनेत बायबलचा उतारा मोठ्याने वाचायच्या, पाळ्या लावलेल्या असतात, माझी महिन्यातून एकदा येते. त्या रविवारी पुढे जाऊन उभी राहिले आणि ओळच धरता येईना. दोन स्तंभांतली बारीक छपाई. तीन वचनं नीट वाचली आणि चौथं शेजारच्या स्तंभातलं. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मुलाने दहा इंची टॅबलेट आणून दिला, साधारण सोळा हजारांचा. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारपासून वापरतेय. महिला मंडळातल्या चार-पाच जणींनी "घेऊ का?" म्हणून विचारलं. प्रत्येकीला अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी चांगलं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, हे तर आहेच. मला जास्त आवडलं ते म्हणजे स्तंभ एकच. ओळ संपली की नजर खाली येते, पलीकडे भरकटत नाही. अक्षर अशा मापाचं ठेवलं आहे की एका वेळी नऊ-दहा वचनं दिसतात. फोनवर तेवढंच अक्षर केलं तर दोन वचनं मावतात आणि दर वाक्याला अंगठा सरकवावा लागतो. वाचणाऱ्याचा अंगठा हलला की आवाजही हलतो, हे मी दुसऱ्यांच्या वाचनात ऐकलं आहे. त्यामुळे पुढे उभं राहून वाचायचं असेल तर फोनचा विचार सोडून द्या. वजनाचं म्हणाल तर घरच्या काट्यावर टॅबलेट कव्हरसकट सातशे ग्रॅम भरला, आणि मोठ्या टाइपाचं बायबल पावणेदोन किलो. बसने जाणाऱ्या बाईला हा फरक खांद्याला कळतो.

वाचायच्या मेजाला उतार असतो आणि टॅबलेटचं कव्हर गुळगुळीत. पहिल्याच दिवशी तो घसरत माझ्या पोटापर्यंत आला. मिक्सरखाली घालतात ती जाळीदार रबरी मॅट कापून खाली घातली, तेव्हापासून हलत नाही. वीस रुपयांचं काम.

पडदा तीस सेकंदांत आपोआप काळा होतो, तो वेळ दहा मिनिटांवर न्या. आडवा-उभा फिरणं बंद करा. आणि विमान मोड. नुसता आवाज बंद करून भागत नाही, कारण वरून खाली सरकणारी संदेशाची पट्टी आवाज न करताही डोळ्यांसमोर येतेच. एका रविवारी माझ्या पहिल्या वाचनावर गॅस सिलिंडर बुक झाल्याचा संदेश येऊन बसला होता.

आता शुभ शुक्रवारचं (गुड फ्रायडेचं) सांगते, कारण टॅबलेटचा खरा धोका मला त्या दिवशी कळला. बारा ते तीनची उपासना, चर्च भरलेलं, माझ्याकडे यशयाच्या पुस्तकातला अध्याय ५३. अध्याय बारा वचनांचा, पण तो कसा वाचायचा हे माझ्या वडिलांनी मला लहानपणी शिकवलं होतं. सहाव्या वचनावर, "आम्ही सर्व मेंढरांप्रमाणे बहकून गेलो होतो" इथे, जरा थांबायचं. मी थांबले. मनगट टेकवायला म्हणून हात खाली आणला आणि तळव्याची कड पडद्यावरून आडवी गेली. या ॲपमध्ये बोट आडवं सरकवलं की पुढचा अध्याय उघडतो. मी मान वर करून पुन्हा खाली पाहिलं आणि वाचायला लागले ते थेट अध्याय ५४, म्हणजे वांझेला जयघोष करायला सांगणारा. जयघोष हा शब्द तोंडातून पूर्ण गेला. शुभ शुक्रवारी, दुपारी सव्वा वाजता, काळे-पांढरे कपडे घातलेल्या लोकांसमोर. पहिल्या बाकावरच्या दोन माना एकदम वर आल्या.

सातवं वचन पाठ होतं म्हणून निभावलं. पडद्याकडे न बघता ते म्हटलं आणि म्हणता म्हणता उलटं सरकवून मागे आले. पण हात थरथरत होते. कागदाचं पान असं स्वतःहून उलटत नाही, फार तर पंख्याने. नंतर मुलाने दुसरा उपाय काढून दिला: जे वाचायचं तेवढेच उतारे आदल्या रात्री एका साध्या कागदपत्रात चिकटवायचे, मोठ्या अक्षरात, आणि तेच उघडून ठेवायचं. पुढे अध्यायच नाही तर जाणार कुठे? आता मी तसंच करते. पाळीच्या आदल्या रात्री पंधरा मिनिटं जातात, पण त्या निमित्ताने उतारा दोनदा वाचून होतो.

दुसरी गोष्ट भाषांतराची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी हीच. तरुण संघातली मुलं आणि काका मंडळी यांच्यात "मोबाईल की पुस्तक" असा वाद दर महिन्याला होतो. मला तो वाद चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. कोणी कशावर वाचतो यापेक्षा कोणतं वाचतो ते बघा. आमच्याकडे स्तोत्र आळीपाळीने वाचतात, एक वचन पाळकसाहेब, पुढचं मंडळी. छापील पुस्तकं होती तेव्हा सगळ्यांकडे बायबल सोसायटीचं तेच जुन्या वळणाचं भाषांतर असायचं, त्यामुळे दीडशे माणसांचा एक आवाज निघायचा. आता फोनवर नुसतं 'मराठी बायबल' शोधलं की जे पहिलं दिसेल ते उतरवलं जातं. यूव्हर्जनच्या ॲपचंच घ्या. ते २००८ पासून आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्यात मराठीच्या एकाहून अधिक आवृत्त्या आहेत. सोसायटीचं जुनं भाषांतर आहे, सोप्या भाषेतलं आहे, इंडियन रिवाइज्ड व्हर्जन आहे. घरी शेजारी शेजारी ठेवून वाचायला यासारखी चैन नाही. मी शनिवारी तेच करते.

पण रविवारी? जानेवारीत स्तोत्र २३ होतं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे पाळकसाहेबांनी म्हटलं, दुसरं वचन आम्ही म्हटलं, तिथेच जरा कुजबुज झाली. चौथ्याला सगळं फुटलं. जुन्या बाकांवरून "कसल्याही अरिष्टाला भिणार नाही" आलं, मधल्या बाकांवर अरिष्टाच्या जागी दुसराच शब्द, मागे तिसरी वाक्यरचना, आणि कोणाचं वचन आधी संपलं तर कोणाचं अजून चालूच. बाजारात तीन भाजीवाले एकदम ओरडावेत तसं झालं. सहाव्या वचनापर्यंत निम्मे लोक गप्प बसले होते. जे पाठ म्हणत होते तेवढेच उरले.

मराठीला ही कटकट नवी नाही म्हणा. बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींनी नवा करार मराठीत छापला तो १८११ मध्ये. पुढे भाषांतरं झाली, सुधारली, पुन्हा सुधारली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण शास्त्र साध्या मराठीत आणलं, अगदी १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या कामात होत्या. म्हणजे अनेक भाषांतरं असणं ही आपली श्रीमंतीच. फक्त आधी ती कपाटात वेगवेगळी उभी असायची, आता एकाच बाकावर चार बसतात. मी पंचकमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत) सुचवलं की उपासनेच्या पत्रकावर आवृत्तीचं नाव छापा आणि सुरुवातीला सांगा. छापायला लागले आहेत. फरक पडला, पूर्ण नाही. नवीन येणाऱ्यांना पत्रकाचा कोपरा दिसत नाही.

आता माझ्या नोंदींचं दुखणं. वडिलांच्या बायबलात समासात पेन्सिलीने बारीक तारखा आहेत. कोणत्या वचनावर कोणत्या पाळकाने कधी संदेश दिला, एवढंच, दुसरं काही नाही. मत्तय ६ च्या शेजारी तर अकरा तारखा आहेत, त्यावरून आमच्या मंडळीला काळजी करू नका असं किती वेळा सांगावं लागलं ते कळतं. त्या सगळ्या मी ॲपमधल्या नोंदींत उतरवायला घेतल्या. डिसेंबर ते फेब्रुवारी, रोज रात्री अर्धा तास. मार्चमध्ये मुलाने टॅबलेट साफ करून पुन्हा सुरू करून दिला आणि नोंदी गायब. त्याने पहिल्यांदा कॉलेजच्या जुन्या ईमेलवर खातं उघडलं होतं, तो ईमेल कॉलेजने कधीच बंद केलेला, पासवर्ड कोणालाच आठवेना. ॲपवाल्यांना लिहिलं, उत्तर सभ्य आलं, उपयोग शून्य. तर बायांनो, खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, मुलाच्या नाही, सुनेच्या नाही, आणि पासवर्ड डबीत लिहून ठेवा. पेन्सिलीच्या तारखा जागच्या जागी आहेत.

३१ डिसेंबरच्या वॉचनाईटला, म्हणजे वर्ष सरतानाच्या रात्रीच्या उपासनेला, मेणबत्त्या लावून दिवे मालवतात. मी टॅबलेट उघडला तर खालून पांढराफटक उजेड. भाची नंतर म्हणाली, "आत्या, तू भुतासारखी दिसत होतीस." काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं करून बघितली, डोळ्यांना दुखलं. पिवळसर कागदी रंग आणि उजेड एकदम कमी, हे मला जमलं. उलट, चर्चच्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळी साडेआठला ऊन येतं तेव्हा उजेड पूर्ण वाढवूनही पडद्यात मला माझा चेहराच दिसतो. त्यासाठी उभं राहण्याची जागा बदलण्यावाचून इलाज नाही.

गावचा अनुभव वेगळा. आमचं मूळ राहुरी तालुक्यातलं. जुलैत भावाकडे कॉटेज प्रार्थना (घरी भरणारी प्रार्थनासभा) होती, वीस-पंचवीस माणसं ओसरीवर. प्रार्थना सुरू झाली आणि लाईट गेली. सगळ्यांची पुस्तकं मिटली, माझा टॅबलेट तेवढा चालू. रेंज शून्य होती, पण हवी ती आवृत्ती मी आधी उतरवून ठेवली होती, म्हणून चाललं. सगळ्याच आवृत्त्या उतरवून ठेवायची मुभा असते असं धरून चालू नका, घरूनच विमान मोड लावून उघडून बघा. मी योहान ३ वाचला आणि चुलते म्हणाले, "पोरी, दिवा तरी इकडे कर." तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांची तोंडं अंधारात आहेत आणि माझं एकटीचं उजेडात. टॅबलेट उलटा धरला, त्यांच्याकडे पडदा करून, आणि "देवाने जगावर एवढी प्रीती केली" पासून पुढे पाठ म्हटलं.

संडे स्कूलमध्ये मात्र मी फोनच्या बाजूची नाही, तरी सुरुवातीला मीच मुलांना परवानगी दिली होती. वचन शोधा स्पर्धा ठेवली, अर्ध्यांकडे पुस्तक, अर्ध्यांकडे फोन. मला वाटलं फोनवाले जिंकणार. जखऱ्याचं पुस्तक सांगितलं तर फोनवाला मुलगा शोधात टाइप करतोय आणि काहीच येत नाही. त्याने साधा र घेऊन 'जखर्या' लिहिलं होतं, पुस्तकातला ऱ वेगळा. डोळ्यांना फरक जेमतेम, यंत्राला मोठा. तोवर पुस्तकवाली मुलगी जुन्या करारातल्या शेवटच्या मलाखीवर बोट ठेवून एक घर मागे आली होती. हाग्गय कुठे ते तिला विचारावंही लागलं नाही, जखऱ्याच्या दारातच ते सापडलं. फोनवाल्याला अजूनही हबक्कूक जुन्या करारात की नव्यात ते सांगता येत नाही.

गाण्यांचं थोडक्यात: 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाची छायाचित्रं काढून केलेली फाईल फिरते ती घेऊ नका. पानाचा क्रमांक आणि गीताचा क्रमांक जुळत नाही, मंडळी दुसऱ्या कडव्यात गेली तरी तुम्ही शोधतच असता. पुस्तक घ्या.

अर्पणाच्या वेळी फोन लागतोच, कारण आता क्यूआर लावलाय. सुरुवातीला त्याच्यासोबतचा बोलका डबाही खजिनदारांनी ठेवला होता, तो शांत गीत चालू असताना "एकशे एक रुपये प्राप्त झाले" म्हणायचा. कोणी किती दिले ते सगळ्यांना कळायला लागलं तसे दोन आठवडे आकडे जरा वाढले, असं खजिनदार हसत सांगतात. मग पाळकसाहेबांनी तो बंद करायला लावला.

तर माझं सध्याचं असं ठरलं आहे: पुढे उभं राहून वाचायचं असेल तेव्हा टॅबलेट. बाकावर बसायचं असेल तेव्हा मांडीवर पुस्तक, ते वाचता येवो न येवो. फोन पर्समध्ये, बंद. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात आहे, त्यानंतर कदाचित टॅबलेटही लागणार नाही. पण तो परत मिळण्याची चिन्हं नाहीत. आईला एकदा त्यावर शास्त्राचं ध्वनिमुद्रण लावून दिलं होतं. ती एक्याऐंशीची आहे, छापील अक्षर तिला कधीच दिसेनासं झालंय. आता दुपारचा चहा झाला की तो तिच्या उशाशी असतो, आणि शनिवारी संध्याकाळी मी मागायला गेले की ती आधी विचारते, "उद्या पाळी तुझीच आहे ना?"