जालंधरचा तीन थरांचा रग्बी बॉल: नागपूरच्या उन्हात, झडीत आणि थंडीत

पाच नंबरचा, हातशिलाईचा, दाणेदार रबराखाली कापडाचे तीन थर असलेला सरावाचा बॉल. जालंधरमध्ये असे बॉल बनतात आणि नव्याने रग्बी सुरू करणाऱ्या संघाला परवडण्यासारखा बॉल बहुधा हाच. निकाल आधीच सांगतो: पावसाळ्यासाठी बिनधास्त घ्या, उन्हाळ्यात जपून वापरा, आणि गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला पंप घ्यायची तयारी नसेल तर बॉलही घेऊ नका.

नागपुरात पहिली अडचण येते ती दाबाची. रग्बीचे दोन प्रकार: युनियन आणि लीग. युनियनच्या नियमात सामन्याच्या बॉलचा दाब 9.5 ते 10 पीएसआय (दाबाचं एकक) आहे. सरावालाही तोच ठेवावा. जानेवारीत दुपारी 30 अंशांत 9.5 भरलेला बॉल दुसऱ्या दिवशी पहाटे 10 अंशांत जेमतेम 8 दाखवतो. अशा वेळी पंक्चर शोधत बसू नका, थंडीने आतल्या हवेचा दाब उतरलेला असतो. मे महिन्यात नेमकं उलट होतं. सकाळी 30 अंशांत 9.5 भरलेला बॉल उन्हात पडून 60 अंशांपर्यंत तापला तर दाब 12 च्या जवळ जातो. एवढा टणक बॉल तळहातावरून आणि छातीवरून उसळतो, मग नॉक-ऑन (हातून सुटून बॉल पुढे पडणं) होतात आणि प्रशिक्षक खेळाडूंच्या हातांना दोष देतात. आठवर उतरलेला बॉल हातात छान बसतो, पण किक मारली की जीव नसल्यासारखा पडतो. म्हणून घरून भरून आणू नये. मैदानावर वीस मिनिटं सावलीत ठेवावा, मग गेज लावून भरावा आणि मध्यंतरात पुन्हा बघावा. नवतपात बंद गाडीच्या डिकीत बॉल ठेवणं म्हणजे शिलाई आणि ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) दोन्हींवर अत्याचार.

पावसात मात्र हा बॉल आपली किंमत वसूल करून देतो. पृष्ठभागावरच्या दाण्यांमधल्या फटींतून पाणी निघून जातं, बोटं रबराला टेकतात आणि ओला पासही हातात थांबतो. ही पकड टिकते ती फटी मोकळ्या असेपर्यंतच. आपली काळी माती चिकट. मैदानावर गवत विरळ असेल तर दहा मिनिटांत दाणे लिंपले जातात आणि बॉल साबणासारखा सुटतो. तेव्हा झडीच्या दिवसांत एका बॉलवर सराव होत नाही. किमान तीन लागतात: एक खेळात, एक बादलीतल्या साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायला, एक टॉवेलात. तीन थरांच्या हातशिलाईचा तोटाही इथेच दिसतो. टाक्यांच्या भोकांतून पाणी आत मुरतं आणि बॉल जड होतो. घरातल्या काट्यावर कोरडं वजन लिहून ठेवा. नियमात ते 410 ते 460 ग्रॅम आहे. ओल्या सरावानंतर कोरड्या वजनापेक्षा 30 ग्रॅमहून जास्त भरला तर दोन दिवस पंख्याखाली ठेवून पूर्ण सुकू द्या, नाहीतर किकचा अंदाज चुकतच राहील.

बॉल कितीही चांगला असला तरी पाय घसरला तर किक फुकट जातेच. रग्बी लीगमध्ये 1968 च्या चॅलेंज कपचा अंतिम सामना वेम्बलीवर साचलेल्या पाण्यात झाला. वेकफील्ड ट्रिनिटीच्या डॉन फॉक्सची अगदी खांबांसमोरून मारलेली शेवटची किक हुकली आणि लीड्स 11-10 ने जिंकलं. ओल्या मैदानावर किक मारताना टेकणारा पाय आधी तपासावा, बुटाच्या स्टडमधली माती काडीने काढावी, मग बॉलकडे बघावं.

लीगच्या नियमाने खेळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. त्यांचा बॉल टोकाला जरा अधिक निमुळता असतो; हा युनियनच्या घाटाचा आहे, त्यामुळे जमिनीलगतच्या किकची उसळी थोडी वेगळी मिळेल. दुसरं, लीगमध्ये सहा टॅकल्स (बॉल घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं) झाले की बॉल समोरच्या संघाकडे जातो, आणि प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना 10 मीटर मागे पळावं लागतं. नागपूरच्या उकाड्यात पाय आधी थकतात ते याच धावण्यात. इंग्लंडमधली वरच्या दर्जाची लीग स्पर्धा 1996 मध्ये सुपर लीग या नावाने हिवाळ्यातून उन्हाळ्यात आली. तिथला उन्हाळा आणि आपला मे यांत मात्र काहीच साम्य नाही. इथे एप्रिल ते जून सराव सकाळी साडेसातच्या आत आटपावा. पावसात पास आखूड ठेवावेत, पाचव्या टॅकलची वाट न बघता चौथ्यालाच किक करावी. हिरवळीवर जमिनीलगतची किक सुळकन निसटते, काळ्या चिखलात तीच रुतून बसते. मैदान बघूनच ती निवडावी.

कोरड्या दिवसांत धूळ दाण्यांत बसते आणि रबर गुळगुळीत लागतं. कोमट पाणी आणि अंगाचा साबण पुरे. कपड्यांची पावडर किंवा थिनर लावला तर पकड कायमची जाते. सुकवायचा तो सावलीतच, कारण ऊन रबराला कडक करून तडे पाडतं.

घेताना दुकानात घाई करू नका. बॉल 9.5 वर भरून व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर परत करा. टोकावर उभा फिरवा. डगमगला तर पॅनेल वाकडी शिवली आहेत आणि पास हवेत हलणार. शिलाईत नख शिरत असेल तर पाणीही शिरणार. ब्लॅडर ब्युटाइलचं आहे की लेटेक्सचं (ही रबराची नावं), हे विचारा. लेटेक्सची उसळी जिवंत असते, पण हवा लवकर उतरते. आठवड्यातून तीन दिवस सराव असेल तर ब्युटाइल बरं. पंपाची सुई कोरडी कधीच घालू नका, ग्लिसरीनचा एक थेंब लावा. व्हॉल्व्ह फाटला की बॉल गेला, आणि तो बदलून देणारा कारागीर गावात शोधूनही सापडणं कठीण.