टॉकीजला सेकंडहँड सर्व्हर बसवला, माझा अनुभव

आमची तालुक्याच्या गावातली सिंगल स्क्रीन टॉकीज. दिवाळीच्या तोंडावर जुना सर्व्हर, म्हणजे डिजिटल पिक्चर साठवून चालवणारं मशीन, मेला म्हणून एका डीलरकडून सेकंडहँड टूके (हा पिक्चरच्या बारकाईचा दर्जा) सर्व्हर घेतला. डीलरचं नाव नाही घेत, माणूस वाईट नाही, फक्त सांगायच्या गोष्टी सांगत नाही. मशीनला चार स्टार, बसवून देण्याला दोन.

मशीन दणकट आहे बघा. तीन हार्डडिस्क रेड ५ पद्धतीने जोडलेल्या, एक गेली तरी शो बंद पडत नाही. इंटरव्हलचा क्यू, म्हणजे इशारा, प्लेलिस्टमध्ये टाकला की हॉलचे लाइट आपोआप लागतात, आमचे ऑपरेटर मामा अजून बटणाकडे हात नेतात ते सोडा. पिक्चरची डिस्क खणात सरकवली की कॉपी भराभर होते, पण जुन्या यूएसबीने टाकायला बसलात तर दीडशे जीबीला दीड तास तरी धरा. पूर्वी एसटीने येणाऱ्या प्रिंटच्या पेटीची वाट बघण्यापेक्षा बरंच की!

पहिली गंमत साउंडची. सर्व्हर डावा, उजवा, मधला अशा क्रमाने चॅनल देतो आणि आमचा जुना साउंड प्रोसेसर डावा, मधला, उजवा असा मागतो, त्यामुळे हिरो पडद्याच्या मध्यभागी उभा आणि बोलणं उजव्या कोपऱ्यातून. वायर बदलल्यावर झालं ठीक.

खरा घोळ शुक्रवारी. गुरुवारी रात्री ट्रेलर लावून बघितले, एकदम झकास, आम्ही खुश. पण ट्रेलरला लॉक नसतो हो! पिक्चरला असतो, आणि त्याची किल्ली म्हणजे केडीएम, मेलवर येणारी छोटीशी फाइल, ती त्या एकाच मशीनच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे मशीनच्या डिजिटल ओळखपत्रावर, बनवलेली असते आणि ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या वेळेपर्यंतच चालते. डीलर म्हणाला होता सर्टिफिकेट मी कळवलंय. कुठलं काय, किल्ली आली ती आमच्या मेलेल्या सर्व्हरची. बाराच्या शोला दीडशे लोक बाहेर उभे, मी डिस्ट्रिब्यूटरला फोनवर फोन, तिकडे हा सर्व्हर दुसऱ्या जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या थेटराच्या नावावर दिसतोय म्हणून अजून चौकशी. नवी किल्ली आली पावणेतीनला. बाराचे पैसे परत केले, तीनचा शो लागला.

आणि हे लग्नाचं कुणीच सांगत नाही. आमचा मीडिया ब्लॉक, म्हणजे पिक्चरचं लॉक उघडून तो प्रोजेक्टरला देणारं कार्ड, प्रोजेक्टरच्या पोटात बसतो आणि दोघांचं रीतसर लग्न लावावं लागतं, शब्दच मॅरेज आहे, माणूस तिथे हजर राहून पिन टाकतो तेव्हा जुळतं. मामांनी धूळ झटकायला कार्ड बाहेर काढलं आणि लग्न मोडलं! इंजिनिअर येईपर्यंत दोन दिवस टॉकीज बंद, अक्षता तेवढ्या टाकायच्या राहिल्या.

सेकंडहँड घेणार असाल तर आधी मीडिया ब्लॉकच्या बोर्डवरच्या बॅटरीचं विचारा. काही जुन्या बोर्डांत ती संपली की आतली गुप्त किल्लीच पुसली जाते, मग बोर्ड थेट कंपनीकडे पाठवायचा. घड्याळ पण बघून घ्या, ते वर्षाला सहा मिनिटांच्या वर हलवता येत नाही आणि केडीएमची वेळ त्याच घड्याळावर मोजली जाते.

आमच्या मशीनची बॅटरी शेवटची कधी बदलली म्हणून परवा डीलरला फोन केला. म्हणाला, बघून सांगतो.